शिरूरच्या स्टँडवर सोडलेली गाडी

लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं, आणि देवी आपलं ऐकते की नाही, अशी शंका माझ्या मनात घर करून बसली होती. माझी पाळी कधीच वेळेवर आली नाही. महिनेच्या महिने चुकायची. वजन वाढत होतं, हनुवटीवर राठ केस यायचे. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून अंडाशयात बारीक गाठी असल्याचं सांगितलं होतं. न्हावऱ्याच्या आमच्या घरात त्याचा एकच अर्थ निघाला, की मूल होणं अवघड. बाकीच्या शरीराचं काय चाललंय, हे कुणी विचारलं नाही. मलाही ते सुचलं नाही.

त्या नवरात्रात सासूबाईंनी कवठ्याच्या येमाईला नवस बोलला आणि मी नऊ दिवसांचे उपवास धरले. साबुदाणा, केळी आणि गोड चहा, एवढ्यावरच दिवस काढत होते. घशाला सारखी कोरड पडायची, सारखं लघवीला जावं लागायचं. उपवासाचा थकवा असेल, असं समजून मी गप्प राहिले.

अष्टमीला आम्ही दोघी ओटी घेऊन निघालो. शिरूरच्या स्टँडवर कवठ्याची गाडी लागली होती. मी नळावर पाणी पीत होते, पण तहान भागत नव्हती. मग उलटी झाली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारी बुरखा घातलेली एक प्रौढ बाई उभी होती. तिने माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, "पाळी येळंवर येती का तुमची?"

मी शरमून नकारार्थी मान हलवली.

"माझ्या लेकीचं असंच व्हतं. समद्यांनी मूल व्हईना, एवढंच बघितलं. आन् आत शुगर वाढत गेली. आमाला लई उशिरा कळलं, ताई." तिने माझा दंड आणखी घट्ट धरला. "आधी दवाखान्यात चला."

सासूबाई अडून बसल्या. "नवस हाय. माघारी फिरायचं न्हाई."

कंडक्टरने बेल मारली. गाडीत चढावं तर शरीर साथ देत नव्हतं, न चढावं तर देवीचा कोप होईल, अशी भीती. मी मनात एवढंच म्हटलं, आई, मला काही कळत नाही, आता तूच बघ. आणि माझा तोल गेला.

दोन्ही बाजूंनी दोघींनी मला सावरलं. सासूबाईंनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्या तोंडाकडे. "जाऊ द्या गाडी. पोरगी जगली तरच नवस."

दवाखान्यात रक्त तपासलं. साखर इतकी वाढली होती की डॉक्टरीणबाईंनी लगेच सलाईन आणि इन्सुलिन लावलं. दुसऱ्या दिवसापर्यंत माझं काही खरं नव्हतं. शुद्ध नीट आल्यावर त्यांनी समजावलं, की ज्या बिघाडाने पाळी चुकते, त्यानेच मधुमेहाचा, रक्तदाबाचा आणि पुढे हृदयाचाही धोका वाढतो; मूल हवं असो वा नसो, तपासणी करत राहायला हवी.

स्टँडवरची ती बाई मला दाखल करेपर्यंत थांबली होती. मग कधी निघून गेली, कुणाला कळलं नाही. आम्ही तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. पुढे स्टँडवर पुष्कळदा शोधलं, पण ती पुन्हा दिसली नाही.

मूल आम्हाला झालं नाही. त्याचं दुःख आहेच, खोटं कशाला बोलू? पण आता दर नवरात्रात सासूबाई स्वतः मला सकाळी भाकरी खायला बसवतात, गोळ्या पुढे ठेवतात, मग आम्ही कवठ्याला जातो. गाभाऱ्यासमोर मी हात जोडते. मागण्यासारखं काही आठवत नाही. डोळे तेवढे भरून येतात.