खात्री नसेल तर सोडा

जळगावच्या ज्या क्लासने मला डॉक्टर केलं असं आमच्या गावात मानतात, त्या क्लासमध्ये मी सगळ्यांत चांगली शिकले ती गोष्ट म्हणजे उत्तर न देणं. थट्टा करत नाही. अॅडव्हान्स बॅचला त्याचा वेगळा सरावच असायचा. नीटच्या पेपरात बरोबर उत्तराला चार मार्क, चुकलं तर एक कापला जातो, आणि सोडून दिलं तर काहीच बिघडत नाही. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात सरांनी लिहून ठेवलं होतं, 'खात्री नसेल तर सोडा'. फळा रोज पुसला जायचा, पण त्या कोपऱ्याला कुणी हात लावायचा नाही.

आम्ही रावेरकडचे, घरची केळी. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. दहावीनंतर आबा मला जळगावला घेऊन आले ते जाहिरात वाचून. अकरावीतच बारावीचं शिकवतो आणि बारावीत थेट कॉलेजचं, त्यामुळे पुढे कॉलेजात काही जड जात नाही, असं तीत म्हटलं होतं. अकरावी-बारावीचं खरंखुरं कॉलेज मात्र आम्ही कागदावरच केलं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा आपल्याच कॉलेजचं गेट कुठलं हे पानटपरीवाल्याला विचारावं लागलं. प्रयोगशाळेत द्रव मोजून सोडायची काचेची ब्युरेट होती. पुस्तकातल्या चित्रापेक्षा ती बरीच उंच निघाली, एवढंच माझं रसायनशास्त्रातलं निरीक्षण. हात लावायची वेळ आलीच नाही, रीडिंग आधीच फळ्यावर होतं. आम्ही ते सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि पोटभर पोहे खाऊन क्लासला परतलो.

क्लासला उगाच नावं ठेवणार नाही. त्यांनी आत ढकललं म्हणून मी आत गेले. धुळ्याला एमबीबीएसला नंबर लागला, माझा फोटो फ्लेक्सवर झळकला, गावात पेढे वाटले गेले. आबा तर महिनाभर केळीच्या भावाबद्दलसुद्धा कुरकुरले नाहीत.

मग पहिल्या वर्षाची परीक्षा आली. शरीरक्रियाशास्त्राच्या पेपरात प्रश्न होते, पण खाली चार पर्याय नव्हते. नुसती कोरी जागा. मी एकेक प्रश्न वाचला आणि स्वतःला विचारलं, खात्री आहे? बऱ्याच प्रश्नांची नव्हती. थोडंफार येत होतं, निम्मंशिम्मं आठवत होतं, पण खात्री म्हणाल तर नाही. मग मी ते सोडले. अगदी शांतपणे, शिकवल्याबरहुकूम. इथे चुकीला मार्क कापत नाहीत हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हाताला माहीत नव्हतं, आणि लिहायचं तर त्यालाच होतं.

तोंडी परीक्षेत तर कळसच झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "रक्तदाब मोजताना पेशंटचा दंड हृदयाच्या पातळीला का ठेवायचा?" द्रवाच्या उंचीने दाब बदलतो, हे मी अॅडव्हान्स बॅचला इतक्यांदा सोडवलं होतं की झोपेत सूत्र म्हटलं असतं. पण ह्यांना तेच हवं असेल का? मी गप्प. ते म्हणाले, "अंदाजाने सांगा." मी म्हणाले, "सर, चुकलं तर मार्क कापणार का?" त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मला अजूनही त्या नजरेचा राग येतो, कारण मी अगदी प्रामाणिकपणे विचारलं होतं.

मी त्या विषयात नापास झाले. माझी खोलीतली जोडीदारीण शिंदखेड्याची, तालुक्याच्या साध्या कॉलेजातून आलेली, ती पास. तिने तोंडी परीक्षेत यकृत आणि प्लीहा यांची सरळ अदलाबदल केली होती. मी तिला विचारलं, तू केलंस तरी काय? ती तिच्या अहिराणीत म्हणाली, "माले तरी कोठे सगळं बठ्ठं येत व्हतं? मी बोलत र्‍हायनू. चूप र्‍हायनं म्हंजे काय जबाब शे का?"

आता उरली होती ती पुरवणी परीक्षा. तिच्यातही नापास झाले की बरोबरची मुलं दुसऱ्या वर्षाला, आणि मी नव्याने आलेल्यांबरोबर पुन्हा पहिल्या वर्षाच्या बाकावर. घरी सांगितलं तेव्हा आबांनी हातातली हिशेबाची वही मिटली. मग म्हणाले, "तुले येत नव्हतं का?"

"येत होतं थोडं थोडं."

"मंग लिहिलं काहून नही?"

याचं उत्तर मला येत होतं, पण खात्री नव्हती.

आबांनी ठरवलं की दोष मालाचा नाही, पुरवठादाराचा आहे. मला घेऊन ते तडक जळगावला क्लासवर गेले. टिश्यू कल्चरची केळीची रोपं मेली की ते रोपवाटिकेवर असेच जातात. सरांच्या केबिनमध्ये बसून त्यांनी तोच सूर लावला. तुमच्याकडून नेलं तेव्हा हिरवंगार होतं, मातीत लावलं आणि मान टाकली, आता बोला. सर अजिबात गडबडले नाहीत. चहा मागवला. "आबा, आमचं काम गेटपर्यंत," ते म्हणाले. "आत गेल्यावर पोरं अडखळतात, हे आमच्याही लक्षात आलंय." आणि त्यांनी टेबलाच्या खणातून नवं पत्रक काढलं. मेडिकलच्या पहिल्या वर्षात अडलेल्यांसाठी खास बॅच सुरू झाली होती. तीही अॅडव्हान्स.

आबांचा चेहरा उजळला. तक्रार करायला आलेला माणूस खिशातलं पेन चाचपू लागला. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. इथून मी पुढच्या गेटपर्यंत जाईन, तिथे पुन्हा अडकेन, आणि आबा मला पुन्हा याच खुर्चीवर आणून बसवतील, असं स्वच्छ दिसलं.

"नको," मी म्हणाले.

सरांनी प्रेमाने विचारलं, "बेटा, इथे न येता पुरवणीत पास होशील, याची खात्री आहे?"

"नाही."

"मग?"

मी उठले आणि बाहेर जाऊन जिन्यात उभी राहिले. आबा पत्रक टेबलावरच ठेवून मागून आले. रावेरपर्यंत एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते, आणि मी मनातून चांगलीच घाबरले होते.

पुरवणीचा लेखी पेपर मी भरून काढला. जे लिहिलं त्यातलं सगळं देवाला पटलं नसेल, पण जागा कोरी सोडली नाही. तोंडीला दुसरे परीक्षक होते, वयस्कर, सर्दी झालेले. त्यांनी विचारलं, "धावलं की श्वास का वाढतो?"

बसल्या बसल्याच मला धाप लागली होती. मी म्हणाले, "रक्तातला ऑक्सिजन कमी होतो म्हणून, सर."

"चूक," ते म्हणाले. "साध्या धावण्याने तो फारसा कमी होत नाही." त्यांनी रुमालाने नाक पुसलं. मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहत राहिले. "पण तुम्हाला असं का वाटलं?"

इतक्या परीक्षा दिल्या होत्या मी. असं का वाटलं, हे आजवर मला कुणीही विचारलं नव्हतं. विचारणार तरी कसं, त्याला गोल रंगवायची जागाच नसते. डोळे भरून आले आणि मी बोलायला लागले. पाय धावतात, ते ऑक्सिजन ओढतात, म्हणून रक्तात कमी उरेल असं वाटलं. "बरं, मग श्वास कधी वाढतो?" त्यांनी विचारलं. "धावून झाल्यावर?" मी एसटीमागे धावणं आठवून पाहिलं. नाही, पहिल्या दोन पावलांतच वाढतो. म्हणजे रक्तात काही कमी व्हायच्या आतच. म्हणजे मेंदू पायांना पळ म्हणतो तेव्हाच छातीलाही सांगत असेल का, सर? आणि तसं असेल तर मग घाबरल्यावर, न धावताच...

"बाई, पास आहात तुम्ही," ते म्हणाले. "आता थांबा. बाहेर रांग आहे."