घंगाळातलं मोटारीचं पाणी

माझं मॅट्रिक झालं त्या वर्षी वडिलांनी कचेरीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता, आणि मी भिंगारच्या एका मोटार गॅरेजात जाऊन हात काळे करून आलो. घरात तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी वडिलांनी निकाल दिला : महिनाभर मुभा. उस्तादानं कायमचं ठेवून घेतलं तर ठीक, नाहीतर एक तारखेला मुकाट्यानं कचेरीत हजर. वडील कारकून होते. मुदत म्हणजे मुदत.

महिना मी नट-बोल्ट धुण्यात घालवला. दोनच दिवस उरले असताना छावणीतल्या एका साहेबाची दोन माणसांची लाल स्पोर्ट्‌स गाडी पुन्हा आली. दिवस लढाईचे, पण ह्या साहेबाची लढाई चालली होती घोडेगावकडून येताना लागणाऱ्या घाटाशी. दर खेपेला अर्ध्या चढात गाडी उकळायची आणि साहेब रस्त्याकडेला दगडावर बसून पाइप ओढायचा. उस्तादानं दोनदा रेडिएटरमधलं पाणी काढून नवं भरलं होतं. नवं म्हणजे गॅरेजच्याच विहिरीचं.

मला तोंड आवरत नाही, हा जन्माचा दोष. मी म्हणालो, "उस्ताद, वहिनी ह्या पाण्यात डाळ का शिजवत नाहीत?"

"शिजतच न्हाई. लई जड पानी हाय. पर त्याचा हितं काय संबंध?"

"एका उन्हाळ्यात आमचा आड आटला, तेव्हा बंबात असलंच पाणी भरत होतो. आतून पांढरे पापुद्रे धरले. रेडिएटरच्या नळ्या तर करंगळीहून बारीक."

सगळं गॅरेज खो खो हसलं. उस्ताद हसला नाही, मिशी चावत राहिला. "बरं. उद्या गाडी तुझी. डाळीचं पानी भर न्हाईतर कढीचं. धा वाजता मी शेजारी बसनार. घाटात उकळली, तर परवा तू कचेरीत."

डाळ लोण्यासारखी शिजावी असं पाणी आमच्या मागच्या दारच्या आडाचं. अडचण एवढीच, की गॅरेजात जाऊ लागल्यापासून आईनं मला आडाला शिवायची बंदी केली होती. पोहऱ्याला ग्रीस लागतं, म्हणे. म्हणून रात्री जेवताना घाटाची अट तेवढी सांगितली, आडाचं बोललो नाही, आणि पहाटेची वेळ धरली. आई त्या वेळी सोवळ्यात स्वयंपाकघरात असे.

रेडिएटरमध्ये मूठभर धुण्याचा सोडा टाकून मी आधी गाडी नगरपर्यंत फिरवून आणली, म्हणजे आतली घाण सुटावी. मागच्या दारी पुढची चाकं दोन दगडांवर चढवली आणि इंजिन जरा निवल्यावर खालची तोटी सोडायला बसलो. गाडी इतकी बुटकी, की तरीही बादली खाली मावेना. न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ पसरट होतं, ते मावलं. त्यात विटकरी, वाफाळतं पाणी भरलं. ते मोरीत ओतावं म्हणून घंगाळ न्हाणीत ओढत नेलं, तेवढ्यात तोटी उघडीच राहिल्याचं आठवलं. बंद करून परत येतो तो न्हाणीचं दार आतून लागलेलं.

आतून वडिलांचं खाकरणं ऐकू आलं, आणि मग पहिला तांब्या अंगावर ओतल्याचा आवाज.

न्हाणीत उजेड बेताचाच. वाफ दिसली, पाणी काढून ठेवलंय असं त्यांना वाटलं असणार. मी दारावर हात उगारला आणि तसाच खाली घेतला. सांगितलं तर आई बाहेर येणार, आड बंद, घाट बंद, आणि उद्यापासून फायलींना दोऱ्या बांधायच्या. खरं सांगतो, मला लाज वाटली. सोवळ्याओवळ्याचं इतकं पाहणाऱ्या बापाला मोटारीच्या पाण्यात बुचकळून मी आपली नोकरी वाचवत होतो. लाज वाटत असतानाच मी पोहरा सोडला.

इंजिन गार होऊ दिलं, मग ते चालू ठेवून पाणी बारीक धारेनं भरलं. आत तांब्याचा आवाज चालूच. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "आज काय दिवाळी आहे का? किती वेळ आंघोळ!" वडील मोठमोठ्यानं स्तोत्र म्हणू लागले. मी गाडीत बसून धूम ठोकली.

घाटभर उस्तादाची नजर रेडिएटरच्या झाकणावर. माथ्यावर उतरला, बॉनेटवर तळवा टेकवला आणि तिथंच ठेवून उभा राहिला. "उद्या येळेवर ये," म्हणाला.

संध्याकाळी घरी पोचलो तर वडील ओटीवर. गळ्यात कोरं जानवं.

"चढली का?" त्यांनी विचारलं.

"चढली. एक थेंब उतू गेला नाही."

"हं." जानवं सारखं करत म्हणाले, "पहिल्याच तांब्याला कळलं. अंग बुळबुळीत झालं, जानवं विटकरी झालं. मग रिकामा तांब्या घंगाळावर वाजवत बसलो."

"ओरडला का नाहीत?"

"ओरडलो असतो तर तिनं तुला आडाला हात लावू दिला असता? तू गेल्यावर गार पाण्यानं आंघोळ केली, मग पूजा. उशिरा पोचलो कचेरीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. मी पाया पडायला वाकलो, तर म्हणाले, "आधी हात धू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आडाच्या कठड्यावर एक नवा पोहरा होता. कठड्याखाली रॉकेलचा रिकामा डबा, वरचा अर्धा भाग नीट कापून, कडा ठोकलेला, उंचीला बेताचा, गाडीखाली मावेल असा. त्यावर कचेरीतल्या वळणदार अक्षरांत लिहिलं होतं : ‘मोटारीकरिता’.