परातीवरचा एकशेवीसचा कोन

दीड महिन्यापूर्वी अकोल्याहून फोन आला, 'वनिता गेली.' माझ्या तोंडून आधी निघालं ते 'कोणी सांगितलं?'... माझी ही मामेबहीण जन्मभर सगळ्यांना हेच विचारत आली. भाजीवाल्याला, डॉक्टरला, देवळातल्या पुजाऱ्यालासुद्धा.

मी अमरावतीला गणित शिकवते. गेल्या दिवाळीत तिच्याकडे गेले, तर तिने माझ्यापुढे अकरावीचं पुस्तकच आपटलं. तिची श्रावणी क्लासमध्ये काहीही सांगितलं तरी मान डोलावते, 'समजलं' म्हणते, आणि वनिताला ते 'समजलं' खोटं वाटत होतं. "पोरीले खरंच समजते का नाई, हे मले कयलं पायजे. पयले मलेच शिकव." हिला माझीच परीक्षा घ्यायची असणार, असा मला दाट संशय आला.

काटकोन त्रिकोण तिने मुकाट्याने मान्य केला. पुढे एकशेवीस अंशांचा साईन आला आणि तिचे डोळे बारीक झाले. "त्या त्रिकोनात नव्वदच्या वर कोन मावतच नाई, मंग हे एकशेवीस आले कुठून? तू काईतरी लपवून राहिली." मी एकक वर्तुळ काढलं, त्रिज्या एक. "एक काय? फूट का इंच?" काहीही, म्हटलं. ते 'काहीही' तिला अजिबात पटलं नाही. उठून परात आणली, भिंतीला टेकवली, काठावर कुंकवाचा ठिपका लावला आणि फिरवत गेली. ठिपका मध्यापासून किती वर, ते शिलाईच्या टेपने मोजलं. साठ अंशांना जेवढा वर, एकशेवीसला पलीकडे तेवढाच. उंचीला त्रिज्येने भागलं. मग तीच कसरत ताटलीवर. उत्तर तेच आलं, तरी टेप उलटसुलट करून पाहिला आणि मगच नाइलाजाने म्हणाली, "बरोबर हाय."

संध्याकाळी तिने श्रावणीला परातीपुढे उभं केलं. पोर म्हणाली, समजलं.

"कोनं सांगतलं? क्लासनं का परातीनं?"

श्रावणीने पुन्हा मान डोलावली. वनिताचा चेहरा उतरला. "मी नसली त हिले कोनीबी काईबी सांगन, ताई..."

परवा अकोल्याला गेले. त्याच परातीत श्रावणी कणीक मळत होती. काठावर वनिताने तेव्हा खिळ्याने ओढलेल्या साठ आणि एकशेवीसच्या खुणा अजून आहेत. श्रावणीच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "आईला जाताना काही त्रास झाला नाही गं."

श्रावणीने मान डोलावली नाही. तिचे हात थांबले, डोळे बारीक झाले.

"तुमाले कोनं सांगतलं, मावशी?"