मुकं विमान

१२ जानेवारी. कडवे वाल निवडत बसले होते, तेवढ्यात घरामागच्या पोलादपूर स्टँडवरून पुकारा झाला, "कुडपण गाडी फलाटावर लागली आहे," आणि माझा हात थांबला. दोन वर्षांपूर्वी कुडपणच्या माझ्या थोरल्या जाऊबाई लेकीच्या बाळंतपणासाठी एकट्याच बंगळूरला निघाल्या होत्या. मुंबईच्या विमानतळावर दारात निरोप घेताना मी घाईघाईने सांगितलं, "आपल्या स्टँडसारखंच असतं. पुकारलं की उठायचं." आत कुणीच पुकारत नव्हतं. सगळं पडद्यांवर लिहून येत होतं, ऐनवेळी गेट बदललं तेही तिथेच. जाऊबाई डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर धरून, कान देऊन बसून राहिल्या आणि विमान गेलं. त्यांचा फोन आल्यावर मी धावत परत दारापाशी आले तेव्हा म्हणाल्या, "तुझं इमान मुकं निघालं गो. पुकारलंच नाय." त्या हसल्या, मला मान वर करवेना. रात्री लेक बाळंत झाली, तेव्हा तिच्याजवळ परकी नर्स होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघींची तिकिटं काढली, त्यांच्याबरोबर आत गेले आणि आमचं विमान लागेपर्यंत पडद्यासमोर उभीच राहिले.