निघताना गॅस बंद

तीस वर्षं मी गॅस एजन्सीत मेकॅनिक होतो. वालूर आणि आसपासच्या खेड्यांत नवं कनेक्शन आलं की शेगडी जोडून द्यायची आणि घरातल्या बाईला समोर उभं करून चार गोष्टी सांगायच्या, हे माझं काम. झोपताना रेग्युलेटर बंद. घराबाहेर निघताना रेग्युलेटर बंद. आणि बंद केला की सिलिंडरच्या डोक्यावर एक फडकं टाकायचं, म्हणजे लांबून बघणाऱ्यालाही कळतं. पहिल्या दोन गोष्टी एजन्सीनं शिकवलेल्या, फडकं मात्र माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघालेलं. त्याचा मला इतका गर्व, की कुणाकडं चहाला गेलो तरी आधी स्वयंपाकघरात डोकावून फडकं बघायचो. नसलं तर त्या घराची लायकी माझ्या मनात तिथंच ठरायची. गॅस चालू ठेवून झोपणारा माणूस आणि गोठ्याचं दार उघडं टाकून झोपणारा माणूस माझ्या लेखी एकाच मापाचे.

हे आधी सांगतोय, कारण पुढं जे झालं ते अडाणीपणानं झालं असं कुणाला वाटू नये. ते अनुभवामुळं झालं.

लेक जर्मनीत असते. जावई आपल्याच जिल्ह्यातले, चारठाण्याचे. गुणी माणूस, पण बोलणं मोजकं. मला मामा म्हणतात, बायकोला मामी. आमच्यात सासरा जावयाला अरेतुरे करत नाही आणि जावई सासऱ्याची चूक दाखवत नाही. दोघांच्या मधे कायम एक पाट मांडलेला असतो. त्यावर कुणी बसत नाही आणि तो कुणी उचलतही नाही. उन्हाळ्यात मी आणि बायको तिकडं गेलो, तर लेकीला ऐनवेळी सुटी मिळाली नाही. ती म्हणाली, तुम्ही तिघं जाऊन या. जावयांनी भाड्यानं एक गाडी घेतली, जिच्यात राहायचं, झोपायचं, स्वयंपाक करायचा आणि अशा थाटात क्रोएशियाच्या समुद्रापर्यंत जायचं.

गाडी बघूनच मला हसू आलं. आमच्याकडं ऊसतोडीला निघालेली माणसं असंच अख्खं बिऱ्हाड गाडीवर घालून निघतात, त्यांना बघायला कुणी थांबत नाही. इथं तेच करायला लोक वर्षभर सुट्या साठवतात. दोन हातांच्या जागेत शेगडी, मोरी, पलंग, आणि पलंगाखाली ज्या डब्यात आपणच संडासची घाण साठवायची आणि आपणच नेऊन ओतायची तो डबा. मी कामाला लाजणारा माणूस नाही, पण त्या डब्याकडं बघून मी जावयांना स्पष्ट सांगितलं की हे आपल्याच्यानं होणार नाही. जावई म्हणाले, "मामा, ते माझ्याकडं लागलं."

गाडी देणाऱ्या बाईनं तासभर भाषण दिलं. जावई मला मराठीत सांगत होते. फ्रिज तीन गोष्टींवर चालतो: गाडी पळत असली की गाडीच्या बॅटरीवर, मुक्कामाच्या ठिकाणी खांबावरच्या लाईटवर, आणि लाईट नसली तर गॅसवर. गॅसवर फ्रिज. जाळ लावून गार करायचं. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, असं काही जगात असतं तर तीस वर्षांत माझ्या कानावर आलं नसतं का? पुढचं भाषण मी ऐकलंच नाही. ज्यानं जन्मभर भाषण दिलं त्याला दुसऱ्याचं ऐकायचा लय कंटाळा येतो.

त्या फ्रिजमधे बायकोचा स्टीलचा डबा होता. डब्यात इन्सुलिनची पेनं. परभणीहून निघताना दोन महिन्यांचा साठा घेतलेला, डॉक्टरांची चिठ्ठी, बर्फाच्या पिशव्या, विमानात मांडीवर धरून आणलेला डबा. लेकीकडून निघताना त्यातली लागतील तेवढी घेतली. तिकडं ऊन एवढं, की चालू पेनसुद्धा ती पर्समधे न ठेवता त्याच डब्यात ठेवायची. गाडीत बसल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो हाच: "फ्रिज बंद तर पडणार न्हाई ना?"

"मी हाय ना," मी म्हणालो.

समुद्राकाठच्या मुक्कामाला पोचलो. झाडाखाली ओळीनं गाड्या, तीन गाड्यांमागं एक लाईटचा खांब. शेजारी एक म्हातारा-म्हातारी. म्हातारा गाडी सपाट उभी राहिली का नाही हे बघायला बुडबुड्याची पट्टी लावून चाकाखाली पाचरी सारत होता. गवंडी भिंत बांधताना जेवढं बघत नाही तेवढं हा झोपायला बघतो, म्हणून मी त्याची मनसोक्त टर उडवली. मराठीत, अर्थात. तो हसून हात करायचा.

तिथल्या न्हाणीघरात नाणं टाकलं की गरम पाणी येतं आणि साबण डोळ्यात गेला की बंद पडतं. असल्या भीक मागून केलेल्या अंघोळीला मी जाणार नव्हतो. मी बॅगेतून कॉइल काढली. पाणी तापवायची आपली साधी कॉइल, बायकोला न सांगता घरून आणलेली. बादलीत सोडली, सॉकेटमधे घातली. टक्क करून गाडीतली लाईट गेली. म्हाताऱ्याची गेली. पलीकडच्या गाडीतलीही गेली.

"लोडशेडिंग इथंबी हाय का?" मी जावयांना विचारलं.

जावयांनी बादलीकडं बघितलं. "मामा, या खांबाला सहाच अँपिअर आहेत."

सहा अँपिअर. आमच्या वालुरात पिठाची गिरणी आणि लग्नाचा मंडप एका तारेवर चालतो. ह्यांच्या समुद्राकाठी एक बादली पाणी तापत नाही. मी हे मोठ्यानं बोललो. तिथला व्यवस्थापक आला, खांबावरच्या पेटीचं कुलूप काढलं, खटका वर केला, कॉइलकडं मेलेल्या उंदराकडं बघावं तसं बघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कॉइल लावली. माझा हिशेब असा होता की काल बाकीच्यांनी काहीतरी लावलेलं असणार. ह्या वेळी व्यवस्थापकानं आमची वायर खांबावरून उपसली, नीट गुंडाळली आणि जावयांच्या हातात दिली. मला नाही, जावयांना. लाईट बंद, ऑफिसात हुज्जत घालून उपयोग नाही. जावयांनी फ्रिजचं बटण फिरवून गॅसवर केलं, टकटक करून काहीतरी पेटवलं, आणि मामींना म्हणाले, "काळजी नाही, आता गॅसवर चालेल."

मी तेव्हा बाहेर म्हाताऱ्याला समजावत होतो की चूक माझी नव्हती. फ्रिज आता गाडीच्या बॅटरीवर चालत असणार, असं मी धरून चाललो.

संध्याकाळी जेवण झाल्यावर मी पाय मोकळे करायला गाडीमागं गेलो. सिलिंडरचा कप्पा बाहेरून उघडतो. बघतो तर सिलिंडरची चावी मोकळी. शेगडी बंद, भांडी घासून झालेली, आणि गॅस चालू. जावयांचं शिक्षण, नोकरी, सगळं माझ्या डोळ्यापुढून गेलं आणि एका चावीपाशी येऊन संपलं. मी गुमान चावी बंद केली आणि खिशातला रुमाल, माझी दस्ती, वर टाकली. बोललो नाही, पाट मधे होता.

सकाळी चावी पुन्हा मोकळी. दस्ती घडी करून बाजूला ठेवलेली.

त्या संध्याकाळी मी पुन्हा बंद केली, जरा जोर लावून. सकाळी पुन्हा मोकळी, दस्तीची घडी. चहा पिताना जावई म्हणाले, "मामा, रातच्याला फ्रिज उलसा गरम होतोय वाटतं."

"हलका माल असतोय भाड्याच्या गाडीत," मी म्हणालो. "बघायलोय ना मी."

जावयांनी चहाचा घोट घेतला. आता कळतं, त्या घोटात किती वाक्यं गिळली असतील. त्यांनी मला सांगायचं म्हणजे तीस वर्षं गॅसच्या धंद्यात घातलेल्या सासऱ्याला गॅस शिकवायचा. मी त्यांना विचारायचं म्हणजे जावयाला बेफिकीर म्हणायचं. दोघंही घरंदाज. ते रोज सकाळी उघडायचे, मी रोज सांजच्याला बंद करायचो, आणि मधे फ्रिज रात्रभर कोमट होऊन दिवसा पुन्हा गार व्हायचा. रात्रीचा वारा थंड होता म्हणून निभावलं.

पाचव्या दिवशी बोटीनं समोरच्या बेटावर जायचं ठरलं. दिवसभराचं जाणं. बायकोनं सकाळचं इंजेक्शन घेतलं, पेन डब्यात ठेवलं, डबा फ्रिजमधे. सगळे निघालो. बोटीच्या धक्क्यापर्यंत गेल्यावर माझ्या डोक्यात आलं: निघताना.

"चष्मा विसरलो," म्हणून मी परत गेलो. चष्मा माझ्या खिशातच होता. कप्पा उघडला, चावी मोकळी. आता तर घरात कुणी माणूस नाही, आणि गॅस चालू. मी चावी घट्ट केली, दस्ती टाकली, आणि बोटीत बसून एक अक्षर न बोलता जावयांना दिवसभर क्षमा करत राहिलो. बेट कसं होतं ते मला आठवत नाही. क्षमा करताना फार छान वाटत होतं हे आठवतं.

परत आलो तेव्हा सूर्य कलला होता. गाडीचं दार उघडलं तर आतून भट्टीसारखा वाफारा. बायकोनं फ्रिज उघडला. दही फुगून झाकण वर आलेलं, कोथिंबीर काळी, लोण्याचं तेल झालेलं. तिनं डबा हातात घेतला आणि गालाला लावला. मग खाली बसली.

"गरम हाय," ती म्हणाली.

जावयांनी एक पेन उजेडात धरलं. आतलं पाणी स्वच्छ दिसत होतं. त्यांनी लेकीला फोन लावला, लेकीनं औषधवाल्याला विचारून परत लावला. स्वच्छ दिसलं तरी दिवसभर एवढ्या गरमीत राहिलेलं वापरू नका. एकही नाही.

"गॅस कुणी बंद केला?" बायकोनं विचारलं.

मी अजून म्हणत होतो, हलका माल. जावई कप्पा बघून आले होते. ते म्हणाले, "मामी, माझ्याच हातून झाला असेल. चुकून."

ह्या जागी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण डोक्यात नेमकं तेव्हाच शिरत होतं की गॅसवर फ्रिज चालतो, खरोखर चालतो, आणि ते शिरायला वेळ लागत होता. तेवढ्यात बायको उठून बाहेर गेली. आत आली तेव्हा तिच्या हातात माझी दस्ती होती.

"जावईबापू, तुमी कशाला वढवून घेताव," ती म्हणाली. "फडकं टाकणारा एकच माणूस हाय आपल्यात."

मग माझ्याकडं वळली, आवाज न चढवता. "गावातल्या बाया म्हणायच्या, तुझा नवरा लय हुशार, फडकं टाकायला शिकवतोय. मी काय सांगू त्यान्ला आता?"

त्या संध्याकाळी तिनं इंजेक्शनाशिवाय काढली. भात नको, पाव नको, नुसती काकडी खाल्ली. तोंडाला कोरड पडायली म्हणून सारखं पाणी पीत होती. मोजायच्या यंत्रात दर वेळी आकडा वरच. जावयांनी म्हाताऱ्याला गाठलं. त्यानं नकाशा पसरून सगळ्यात जवळचं इस्पितळ दाखवलं, आणि आमच्या गाडीची चाकं एका बाजूला खचलीत असं बघून पाचरीही सारून दिल्या. म्हणे गाडी वाकडी असली तरी गॅसवरचा फ्रिज नीट गार होत नाही. ज्याची मी चार दिवस टर उडवली त्या पट्टीचा अर्थ मला असा कळला.

अनोळखी वाटेवर रात्री एवढी मोठी गाडी घालायला नको, म्हणून उजाडताच निघालो. तासाभराच्या वाटेवर इस्पितळ. मी मागं बसलो होतो, डबा मांडीवर घेऊन, रिकामा. डॉक्टरीणबाईनं परभणीच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, बायकोला तपासलं, सुई दिली, नवीन पेनं लिहून दिली. काय झालं म्हणून विचारलं. जावयांनी इंग्रजीत काहीतरी लांबलचक सांगितलं, त्यात 'फ्रिज' होतं, 'मामा' नव्हतं.

मुक्कामी परतल्यावर जावई त्या पलंगाखालच्या डब्याकडं निघाले. मी आधी जाऊन उचलला.

"मामा, राहू द्या."

"तुमी गॅस बघा," मी म्हणालो. सगळ्या ओळीसमोरून तो डबा नेऊन ओतून आलो. एवढंच माझं माफी मागणं. जावयांना कळलं असावं, कारण त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा मला फ्रिजच्या आत खाली कोपऱ्यात असलेली काच दाखवली. नखाएवढी. तिच्यातून निळी ज्योत दिसते. ती दिसली की फ्रिज चालू.

उरलेल्या दोन दिवसांत ती दोघं समुद्रावर गेली, बोटीनं गेली, बाजारात गेली. मी गेलो नाही. गाडीपाशी खुर्ची टाकून बसलो आणि थोड्या थोड्या वेळानं आत जाऊन काचेला डोळा लावत राहिलो. जन्मभर लोकांचे जाळ बंद करत फिरलो, आता एक नखाएवढा जाळ राखायला बसलो होतो, तोही लोकांच्या सुटीत. म्हातारा येता-जाता हात करायचा. मी त्याला एकदा बोलावून ज्योत दाखवली. त्यानं गंभीरपणे बघितली.

शेवटच्या दिवशी बायको पाण्यावरून आली, पाय वाळूनं भरलेले.

"चालू हाय का?"

"हाय. आत्ताच बघितलं."

तिनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला, फ्रिजपुढं वाकली आणि स्वतः काचेत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डबा उघडून पेनं मोजली.