चपलांचे अकरा जोड

तरणतलावावर शिट्टीबाईंची पहिली अट पोहण्याची नव्हतीच, चपलांची होती. पाण्यात उतरण्याआधी चपला काठावरच्या पिवळ्या पट्ट्यावर लावायच्या, टाचा पाण्याकडे करून. बाहेर आलं की आधी चपला पायात, मग टॉवेल, मग बाकीचं सगळं. दोन मिनिटांसाठी जायचं असलं तरी तेच. पट्ट्यावर अकरा जोड म्हणजे पाण्यात अकरा डोकी. थोड्या थोड्या वेळानं त्या आधी जोड मोजत, मग डोकी मोजत, आणि आकडा जुळला की ओठांत धरलेली शिट्टी पुन्हा गळ्यात सोडत. बावीस वर्षं त्यांचं हेच चाललं होतं.

शिट्टीबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. तोंडावर आम्ही सगळे ‘बाई’च म्हणायचो. पन्नाशी उलटलेली काटक बाई, उन्हानं रापलेली, डोक्याला कापडी टोपी, एका गुडघ्यावर जुनी खूण. बोलताना त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. आधी मला तो शिष्टपणा वाटला. दोनतीन दिवसांनी कळलं की त्यांची नजर पाण्यावरून हलतच नाही. तुम्ही त्यांच्या कानाशी बोलायचं आणि त्या पाण्याशी बोलल्यासारखं तुम्हाला उत्तर देणार.

शाळेला सुट्टी लागल्याबरोबर मुली पोहण्याच्या मागे लागल्या होत्या. थोरली नऊ वर्षांची, धाकटी पाच. मी टाळत होते. नवरा म्हणाला, “जाऊ दे की. नाहीतर महिनाभर घरात एकमेकींच्या झिंज्या उपटतील.” शिकवणी सकाळी आठ ते नऊ, माझी नोकरी अकराची, त्यामुळे नाही म्हणायला सबबही उरली नाही.

मी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. काचपट्टीवर थेंब घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि पेशी मोजायच्या. मोजणं माझ्या हाडात मुरलंय. रस्ता ओलांडताना दोन, जिना उतरताना दोन, दुकानातून बाहेर पडताना दोन. द्राक्षं मी अजून चार चार फोडी करून देते. थोरली म्हणते, “आई, मी चौथीत आहे,” आणि तरी गुपचूप खाते. पाण्याशी माझं पूर्वी काही वाईट घडलेलं नाही. मला पोहता येत नाही, एवढंच. पण त्या निळ्या पाण्यात अकरा सारखी डोकी वरखाली व्हायला लागली की माझा आकडा चुकायचा.

म्हणून मी एक युक्ती काढली. पत्र्याच्या सावलीतल्या बाकावरून मी ओरडायचे, “हात वर!” आणि दोघींनी असतील तिथून हात वर करायचा. दोन हात दिसले की माझा जीव भांड्यात. मग मिनिटभराने पुन्हा.

उथळ आणि खोल पाण्याच्या मधे एक दोरी ताणलेली होती. धाकटी तिच्या अलीकडे, कमरेएवढ्या पाण्यात. तिला यात खेळच वाटायचा, ती दोन्ही हात वर करून नाचायची. थोरली मात्र दोरीच्या पलीकडे जायला लागली होती. शिकवणीच्या शेवटच्या शनिवारी खोल पाणी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ओलांडायचं होतं. तिनं घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल गोल काढला होता, आणि रोज रात्री एक दिवस खोडत होती.

दुसऱ्या आठवड्यात बाई माझ्या बाकाशेजारी येऊन उभ्या राहिल्या. नजर पाण्यावर.

“तुमची मोठी चांगली पोहते.”

“हो का?” मी खूश झाले.

“पण दर मिनिटाला बुडते.”

मी ताडकन उभीच राहिले.

“बसा, बसा. अहो, हात पाण्याबाहेर काढला की डोकं खाली जातं. तुम्ही हाक मारली की ती हात वर करते, नाकातोंडात पाणी जातं, परत पहिल्यापासून सुरू. इतर पोरं पोहायला शिकली. तुमची हजेरी द्यायला शिकली.”

“मला दिसत नाही हो ती मधूनच.”

“मला दिसते ना.”

“अकरा मुलं आहेत बाई. तुम्ही एकट्या.”

“ओरडणारी पोरं बघावी लागत नाहीत,” त्या म्हणाल्या. “मी गप्प झालेलं पोर शोधत असते.” आणि जोड मोजायला निघून गेल्या.

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. उलट मी त्या दिवसापासून गप्प मुलं शोधायला लागले. पोहताना बहुतेक मुलं गप्पच असतात.

तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार. ऊन इतकं की सकाळी साडेआठलाच फरशी चटके देत होती. धाकटी काठाशी येऊन पाय आवळून उभी राहिली.

“आई, शू. आत्ता. आत्ताच्या आत्ता!”

मी धावले, तिला पाण्यातून उचललं, तशीच कडेवर घेतली आणि कपडे बदलायच्या खोल्यांकडे पळत सुटले. तिचे पाय भाजू नयेत एवढंच डोक्यात होतं. कडेवरच्या मुलीला चपला कशाला लागतात? तिच्या लाल चपला पिवळ्या पट्ट्यावर तशाच राहिल्या.

आतमध्ये तिची आवराआवर सुरू असताना शिट्टी ऐकू आली. रोजची आखूड नाही, लांब, न थांबणारी.  मी धाकटीला पुन्हा कडेवर घेतलं आणि बाहेर आले.

तलाव रिकामा होता. सगळी मुलं काठावर ओळीत उभी होती. पाण्यावर फक्त बाईंची कापडी टोपी तरंगत होती. बाई पाण्याच्या तळाशी होत्या. त्यांची सावली दोरीच्या अलीकडून पलीकडे, पुन्हा अलीकडे सरकत होती.

मी ओळीत थोरलीला शोधलं. एक, दोन, तीन, चार. आकडे पुढे जाईनात. थोरली दिसेना.  तेवढ्यात ओळीच्या टोकाकडून किंकाळी आली. थोरली काठावर पालथी पडून पाण्यात हात घालत होती आणि ओरडत होती, “माझी बहीण! बाई, माझी बहीण आहे आत!”

तेव्हा मला लाल चपला दिसल्या.

“अगं, ही इथे आहे! इथे आहे ही!” मी ओरडले, आणि सवयीनं, अगदी सवयीनं, धाकटीनं हात वर केला.

बाई वर आल्या. काठाला धरून कितीतरी वेळ नुसत्या धापा टाकत राहिल्या. डोळे लाल झाले होते. मी काय बोलले आठवत नाही. चुकलं, चुकलं, एवढंच म्हणत असणार. त्या बाहेर आल्या, लाल चपला उचलल्या आणि धाकटीच्या पायात घातल्या, ती कडेवर असतानाच.

“उचलून नेलंत तरी चपला न्यायच्या,” एवढंच म्हणाल्या.

घरी जाताना वाटेत धाकटीनं विचारलं, “मी बुडले होते का?”

“नाही गं राणी.”

“मग सगळे मला का शोधत होते? मी तर शू करत होते.”

एरवी थोरली यावर हसून हसून लोळली असती. ती धाकटीचा हात गच्च धरून चालत होती. इतका गच्च की धाकटी कुरकुरली.

बुधवारी थोरली पाण्यात उतरली नाही. पोट दुखतंय म्हणाली. गुरुवारी पोट दुखत नव्हतं, तरी उतरली नाही. माझ्या बाकावर, माझ्या शेजारी, पाय वर घेऊन बसली. मला आधी, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. एक तरी डोकं कोरडं होतं. मग ती अचानक ओरडली, “हात वर!” धाकटीनं हात वर केला. थोरलीनं श्वास सोडला. मिनिटभरानं पुन्हा, “हात वर!”

तिचा आवाज माझाच होता. ओरडताना मान पुढे काढायची लकबही माझीच.

घरीही तेच. धाकटी न्हाणीघरात गेली की ही दारापाशी. धाकटी द्राक्ष खायला लागली की ही म्हणायची, “चावून. नीट चावून.” कॅलेंडरवरचे दिवस खोडायचे थांबले होते. मी विचारलं, “शनिवारचं काय गं?” तर म्हणाली, “मी गेले पलीकडे, तर हिच्याकडे कोण बघणार?”

“मी आहे ना.”

 तिनं नुसतं पाहिलं माझ्याकडे. नऊ वर्षांच्या मुलीनं आईकडे असं पाहू नये.

शुक्रवारी मी बाईंना गाठलं. पाण्याकडे तोंड करून, त्यांच्याच पद्धतीनं, शेजारी उभी राहिले.

“बाई, तुम्ही समजवा तिला. माझं नाही ऐकत.”

“तुमचंच तर ऐकतेय.”

त्यांनी पट्ट्यावरचे जोड मोजले, मग डोकी.

“मी एकतिसाव्या वर्षी पोहायला शिकले,” त्या म्हणाल्या. “तोवर इथल्या खिडकीत बसून पास फाडायचे. माझी मुलगी याच तलावात शिकत होती. मी रोज खिडकीतून मान वाकडी करून बघायचे. पास चुकीचे फाडायचे. एक दिवस पोरगी म्हणाली, आई, तू बघत असलीस ना की मला पाणी जास्त खोल वाटतं.”

“मग?”

“मग काय. खिडकीला आतून पुठ्ठा लावला महिनाभर.” त्या हसल्या. “वेड लागायची पाळी आली. म्हणून स्वतःच शिकून घेतलं. तुम्ही शिकाल तेव्हा शिका. उद्या माझं एक काम करा.”

“काय?”

“चपला सांभाळा. पट्ट्यापुढे बसायचं, तोंड चपलांकडे, पाठ पाण्याकडे. जोड कमी झाला, वाढला, की मोठ्यानं आकडा सांगायचा. मी नुसती डोकी बघते. उद्या खोल पाण्यात गर्दी, मला दोन्हीकडे बघायला जमायचं नाही.”

बावीस वर्षं दोन्हीकडे त्या एकट्याच बघत आल्या होत्या, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तर मी ते काम घेतलं नसतं.

शनिवारी सकाळी बाईंनी थोरलीला सांगितलं, “आज तुझी आई कामावर आहे. जोड तिच्याकडे, डोकी माझ्याकडे. तुझ्याकडे काय?”

 मी पट्ट्यापुढे मांडी घातली, पाण्याकडे पाठ केली आणि म्हणाले, “नऊ.”  धाकटीनं लाल चपला आणून लावल्या. “दहा.” बराच वेळ दहाच राहिले. मग माझ्यासमोर थोरलीच्या निळ्या चपला आल्या. त्यातून पाय हळूच बाहेर निघाले, एक, मग दुसरा. बोटं आखडलेली होती.

“अकरा,” मी म्हणाले.

त्यानंतरची दहा मिनिटं कशी गेली ते लिहिता येणं कठीण आहे. मागे पाण्याचे आवाज. ओरडणारी मुलं. आणि त्यात न ओरडणारं एक, जे माझं होतं. मान आपोआप वळायला लागली की मी चपला मोजायचे. कुणाचा पट्टा तुटलेला, कुणाची टाच झिजलेली, धाकटीनं डावी उजवीकडे लावलेली. अकरा. कुणीतरी जोड घालून गेलं. “दहा!” ते परत आलं. “अकरा!” मागून बाईंचा आवाज यायचा, “बरोबर!” हात वर, हे दोन शब्द दातांमागे येऊन थांबलेले होते. मी दात मिटून आकडे म्हणत होते.

एकदा मागे सगळं शांत झालं. अगदी शांत. मी डोळे मिटले, पण वळले नाही. शिट्टी वाजली नाही.

मग फरशीवर पाय आपटत कुणीतरी धावत आलं. पाण्याचे थेंब माझ्या हातावर पडले. दोन ओले पाय निळ्या चपलांत शिरले.

“दहा,” मी म्हणाले आणि वर पाहिलं. ओठ निळे, दात वाजतायत, केस कपाळाला चिकटलेले.

“आई! पाहिलंस? मी मध्ये थांबलेच नाही! पाहिलंस ना तू?”

खोटं बोलता आलं असतं.

“नाही गं. मी चपला बघत होते.”

ती दोन क्षण माझ्याकडे बघत राहिली.  आता रडणार.

“शी! काय तू!” ती वैतागून म्हणाली. “थांब, परत जाते. आता बघ हं. आणि ओरडू नकोस.”

तिनं पाय चपलांतून काढले. चपलांत पाणी साचलं होतं.

“अकरा,” मी ओरडले, आणि मग, बाईंची परवानगी न विचारता, पाण्याकडे वळून बसले. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.