गोठ्यातली साडी आणि समुद्र

दिवाळी आणि मेच्या सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या कंपनीतल्या बायका मला विचारतात, "मॅडम, कुठं जाऊ?" मी सुप्याच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे, आणि फिरायची ठिकाणं माहीत असलेली बाई म्हणून माझं नाव झालंय. मी दोनच ठिकाणं सांगते. डोंगर आणि पाणी हवं असेल तर भंडारदरा, आपल्याच जिल्ह्यातलं. समुद्र हवा असेल तर ताम्हिणी उतरून श्रीवर्धनच्या अलीकडचं एक लहान गाव. सुरूचं बन, स्वच्छ वाळू, लोकांच्या घरातच राहायचं, गरम भात आणि माशाचं कालवण. तिथं मात्र दोनच दिवस राहा, असं बजावते. "एवढं लांब जाऊन दोनच?" असं कुणी म्हटलं की "दोन दिवसांत समुद्र बघून होतो" एवढंच उत्तर देते.

खरं कारण आज लिहिते.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी मिरवायलाच सांगते, खोटी लाज कशाला? पण पदवीदानाला पुण्याला आले ते एकटे दादा, म्हणजे माझे वडील. फोटोत मी आहे, काळा गाऊन आहे, धुतलेल्या टोपीतले दादा आहेत. आई नाही. दावणीला दोन गायी होत्या आणि धार दोन वेळा काढावीच लागते, म्हणून आमच्या घराला कधी कुलूप लागलं नाही. शिर्डीलासुद्धा दोघं जोडीनं गेली नाहीत. एका गुरुवारी दादा, पुढच्या गुरुवारी आई.

त्यातून तांबडी गाय फार खोडीची. आईशिवाय कुणाला पान्हा सोडायची नाही. दुसरा हात लागला की दूध वर चढवून धरायची आणि लाथ झाडायची. यावर आमच्याकडे जुना उपाय आहे. रोज धार काढणाऱ्या बाईची न धुतलेली साडी अंगाला गुंडाळायची, पदर डोक्यावरून पुढे ओढायचा आणि तोंडातून अक्षर न काढता खाली बसायचं. गाय वासाला फसते. गावातल्या निम्म्या पुरुषांनी कधी ना कधी हे केलेलं आहे आणि एकही कबूल करणार नाही. त्यासाठी आईची एक हिरवी साडी गोठ्याच्या खुंटीला कायम असायची.

लग्नानंतर नवऱ्यानं जुनी गाडी घेतली, तेव्हा पहिल्यांदा दादांना भंडारदऱ्याला नेलं. आषाढातले दिवस, भाताची लावणी चाललेली. पारनेर तालुक्यातला माणूस, जन्मभर टँकरच्या मागे हंडे घेऊन धावलेला. बांधावर उभे राहून बराच वेळ खाचराकडे बघत राहिले.

"हे पानी कुठं चाललंय?"

"कुठं नाही दादा. भातात उभं केलंय."

"नुसतं उभं?" म्हणाले. खाली वाकून त्या पाण्यात हात बुडवला आणि ओला हात तोंडावरून फिरवला. परतीच्या वाटेवर संगमनेर मागे पडलं. मग एकदम म्हणाले, "आता तुज्या आईला ने. लांब ने, समुद्राला ने. गायींचं मी बघतो."

"साडी नेसाल?"

"नेसंन की. तुज्या आईपरीस बरा दिसंन."

आईला तयार करायला सहा महिने लागले. मी कंपनीत चार दिवसांची रजा टाकली, राहायचं ठरवलं, तिला नवीन चपला घेतल्या. हे सगळं मी माझ्या पगारातून केलं, आणि ते तिला दोन-तीनदा ऐकवलंही.

पौषातली थंडी होती. समुद्र दिसला तेव्हा आई गाडीतून उतरेना. काचेतूनच बघत होती. शेवटी चपला हातात घेऊन उतरली, घोट्याएवढ्या पाण्यात गेली, ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थुंकली. "एवढं पानी, आन् जनावराला पाजायचं न्हाई," ती म्हणाली. पण पाण्यातून बाहेर येईना. लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकली की लहान मुलीसारखी माझा दंड धरायची आणि हसायची. मी माझ्या आईला तसं हसताना त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती अंथरुणात नव्हती. शोधलं तर घरमालकिणीच्या गोठ्यात. कोकणातली गाय ती, गुडघ्याएवढी. आई तिच्याकडे बघून म्हणते, "बाई, ही गाय हाय का मांजर?" मालकीण हसून हसून खाली बसली. आईनं त्या मांजराची धारसुद्धा काढून दिली.

घरी फोन दोन्ही वेळेला व्हायचा.

"आवं, पदर घेतला का डोक्यावरनं?"

"घेतला. तांबडी लाजती माज्याकडं बघून."

"निऱ्या वर खोचा. पायात येत्याल."

"अगं, समुद्र बघ तू. निऱ्या मी बघतो."

तिसऱ्या दिवशी दुपारी आईनं पिशवी भरली. "समुद्र बघून झाला. आता घरला जाऊ." मी चिडले. म्हणाले, "चार दिवसांचं ठरलंय. जन्मात पहिल्यांदा मुक्कामाला बाहेर पडलीस आणि जीव गोठ्यात. चार दिवस म्हणजे चार दिवस, मी आणलंय तुला." तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पिशवी रिकामी केली. त्या संध्याकाळी ती पाण्यात गेली नाही. वाळूवर बसून राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी घरचा फोन नुसता वाजत राहिला; दादा रानात गेले असतील, असं मी आईला म्हटलं. साडेअकराला काकूचा फोन आला. ही माझी चुलती, दादांच्या धाकट्या भावाची बायको, बांधापलीकडे राहते. दादा गोठ्यात पडले होते. मांडीचं हाड मोडलं होतं. नगरला दवाखान्यात नेत होते.

घाट चढून, पुणं ओलांडून नगरला पोचेपर्यंत दिवस मावळला. वाटेत आईनं एकदाच तोंड उघडलं, "तांबडीची धार कुनी काढली आसंल?" मला राग आला. आज कळतं, दादांबद्दल विचारायचं तिला धाडस होत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, पहाटे साडेपाचला पडलेला माणूस तुम्ही बारा वाजता आणता? थंडीत, ओल्या फरशीवर सहा तास? रक्त आत साचलं होतं, छातीत गारठा भरला होता. ऑपरेशन झालं, पण दादा अंथरुणातून उठले नाहीत. पाठीला जखमा झाल्या. आई त्यांचं सगळं करायची आणि मधे जाऊन धारा काढायची. चैत्र संपता संपता दादा गेले.

सहा तास कुणाला कसं कळलं नाही, हा प्रश्न मला छळत होता. गोठा रस्त्याला लागून आहे. दुधाचा टेम्पो दारात येतो. तेराव्यानंतर काकूनं मला बाजूला घेतलं.

"पोरी, तुज्या आईला सांगू नको. साडी पायात आली आन् पडले. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला, त्यांनी ऐकला. मानसं रस्त्यानं बोलत गेली, ती ऐकली. हाक मारली न्हाई. साडी नेसलेली ना! सोडायला बघत हुते, पर मोडलेल्या पायाखाली आडाकली हुती. मी कांद्याच्या लागनीवरनं पानी प्यायला घरला आले, तवा गायी वरडत हुत्या, म्हनून डोकावले. मला म्हनले, आधी हे सोड, मंग मानसं बोलव. मोठा दीर माजा. आजवर त्यांच्याम्होरं डोईवरचा पदर ढळू दिला न्हाई मी, आन् त्यांच्या अंगावरचा पदर मला सोडवावा लागला."

साडी तिनं लपवून ठेवली होती. ती मला दिली. मी ती सुप्याला आणून कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवली. धुतली नाही. आई दोनदा म्हणाली, "खुंटीवरची साडी कुठं गेली गं?" मी सांगितलं, त्या गडबडीत गेली असेल कुठं तरी. गावात सगळ्यांना एवढंच माहीत आहे की शेणावरून पाय घसरला.

आईनं दुसरी गाय विकली, तांबडी ठेवली. या पौषात मी पुन्हा विषय काढला. म्हटलं, आई, समुद्राला जाऊ, दोनच दिवस. काकू बघेल गायीकडं.

"तांबडी तिला पान्हा सोडंन व्हय?"

"तुझी एखादी साडी देऊ काकूला."

"माज्या साड्या धुतल्याल्या हायेत. न धुतल्याली एकच हुती. ती तुज्याकडं हाय."

मी गोठ्याकडे बघितलं.

"घसरून पडलेला मानूस वरडतो," आई म्हणाली. "तुज्या बापाचा आवाज चार रानांवर जायाचा. गोठ्यात पाय ठिवला आन् खुंटी रिकामी दिसली, तवाच समजलं मला. त्यांना कदी बोलले न्हाई. साडीचं इचारलं तवा तू नजर चुकवलीस, आन् ती कुनाकडं हाय ते बी कळलं. साडी घिऊन ये म्होरल्या येळंला."

पुढच्या रविवारी मी साडी घेऊन गेले. संध्याकाळी धारेची वेळ झालेली. तिनं साडी उलगडली, काठाला वाळलेलं शेण होतं ते नखानं खरवडून काढलं. मला वाटलं, खुंटीला टांगेल. तिनं आत जाऊन ती नेसली आणि बादली घेऊन गायीखाली बसली. तांबडीनं लगेच पान्हा सोडला.

मी दारातच उभी राहून विचारलं, "मग जायचं का समुद्राला?"

"तू जाऊन ये," मान वर न करता ती म्हणाली. "चांगली चार दिवस ऱ्हा."